तळ्यावरची प्रत्येक बारीक डकवीड ‘लेम्ना मायनर’ असते का?

आपल्या गावतळ्यावर पावसाळ्यानंतर बारीक हिरव्या पानांचा, म्हणजे डकवीड या तरंगत्या पाणवनस्पतीचा थर येतो आणि मोबाइलवरील ॲपने त्याचे नाव ‘लेम्ना मायनर’ असे सांगितले, असे आपण लिहिले आहे. ते नाव बरोबर आहे का, लेम्ना, स्पायरोडेला आणि वोल्फिया या डकवीडच्या प्रजाती घरच्या घरी वेगळ्या कशा ओळखाव्यात, आणि हा थर कोंबड्यांना घालता येईल का, असे आपले प्रश्न आहेत. कोंबड्यांचे शेवटी पाहू. नावाबद्दल माझे मत स्पष्ट आहे: महाराष्ट्रातील सखल भागात सापडलेल्या एकमुळी डकवीडला लेम्ना मायनर म्हणणे बहुतेक वेळा चुकीचे असते. हा दोष ॲपपासून सुरू झालेला नाही. आपल्या प्रयोगशाळांतील बरण्यांवर तो फार पूर्वीपासून चिकटवलेला आहे.

प्रजाती (जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट) ओळखणे सोपे आहे. मूठभर थर पांढऱ्या ताटलीतल्या पाण्यात सोडावा आणि पाने उलटी करून मुळे मोजावीत. (ही खरी पाने नव्हेत, परंतु सोयीसाठी पाने म्हणू.) स्पायरोडेला पॉलिरायझाचे पान अर्धा ते एक सेंटिमीटर लांब, खालून बहुधा जांभळट-लाल, आणि त्याला सात ते एकवीस मुळांचा झुपका असतो. मुळे दोन ते सात आणि पान अरुंद, किंचित वाकडे असेल तर ती लँडोल्टिया पंक्टाटा असण्याची शक्यता अधिक. तिला 1999 मध्ये स्वतंत्र प्रजातीचा दर्जा मिळाला, त्यापूर्वी ती स्पायरोडेलातच मोडत असे. एकच मूळ असेल तर लेम्ना. मूळच नसेल आणि बोटांमध्ये चोळल्यावर ओल्या रव्यासारखे कण लागले, तर वोल्फिया. अझोला हे नेचे आहे, त्याची खवल्यांसारखी एकमेकांवर चढलेली पाने पाहिल्यावर गोंधळ होण्याचे कारण नाही.

खरी अडचण लेम्नाच्या जातींची आहे, आणि तेथेच माझी जुनी जखम आहे. निवृत्त होईपर्यंत मी कोकणातील एका महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागात प्रयोगशाळा सहायक होतो. प्रात्यक्षिक परीक्षेच्या आधी तळ्यावरून, भातखाचरांतून आणि विहिरींतून नमुने आणणे हे माझे काम होते. आणलेली एकमुळी डकवीड ज्या बरणीत जाई, तिच्यावर माझ्या रुजू होण्याच्याही आधीपासून ‘लेम्ना मायनर’ अशी चिठ्ठी होती. बरणीतील माल दरवर्षी बदलत असे, चिठ्ठी मात्र तीच राहत असे. एका वर्षी वेळ होता म्हणून मी ताजी रोपे सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली आणि संदर्भग्रंथातील वर्णनाशी ताडून पाहिली. मायनरच्या मुळाचे टोक बोथट असते. या मुळांचे टोक अणकुचीदार होते. मायनरच्या मुळाच्या उगमाशी असलेल्या आवरणाला पंख नसतात; येथे दोन्ही बाजूंना पातळ पंख स्पष्ट दिसत होते. पानाच्या वरच्या बाजूस टोकाशी एक आणि मुळाच्या जागेच्या वर एक असे ठळक उंचवटे होते, तर मायनरमध्ये मधल्या रेषेवर बारीक उंचवट्यांची ओळ असते. ही सर्व लक्षणे उष्ण प्रदेशातील लेम्ना एक्विनॉक्शिअलिसची आहेत, जिचे वर्णन वनस्पतिशास्त्रज्ञ वेल्विच यांनी 1859 मध्ये केले. मायनर ही लिनियसने 1753 मध्ये नाव दिलेली, मुख्यतः थंड आणि समशीतोष्ण हवामानातील जाती आहे. युरोपात लिहिलेल्या पाठ्यपुस्तकांतून ती आमच्या अभ्यासक्रमात आली आणि तेथून थेट बरणीवर जाऊन बसली.

मी हे विभागप्रमुखांना दाखवले. त्यांनी सूक्ष्मदर्शकात डोकावून पाहिलेही नाही; सहायकाने नमुने भरावेत, नमुन्यांना नावे देण्याचे काम प्राध्यापकांचे आहे, असे त्यांनी सांगितले. तेही मी गिळले असते. परंतु त्याच वर्षी स्पॉटिंगच्या, म्हणजे समोर ठेवलेला नमुना ओळखण्याच्या परीक्षेत एका विद्यार्थिनीने त्या बरणीसमोर ‘लेम्ना, मूळ तपासल्याशिवाय जाती सांगता येणार नाही’ असे लिहिले, आणि बाहेरून आलेल्या परीक्षकांनी जातीचे नाव नाही म्हणून तिचे गुण कापले. ज्यांनी घोकलेले नाव उतरवले त्यांना पूर्ण गुण मिळाले. त्या खोलीत शास्त्रीय म्हणावे असे उत्तर त्या मुलीचेच होते, हे माझे मत आजही कायम आहे, आणि ते मत मी तेव्हा विभागात मोठ्याने मांडल्यामुळे पुढे माझे तेथील दिवस फारसे सुखाचे गेले नाहीत.

ॲपविषयी म्हणूनच मला वेगळे काही सांगायचे नाही. वरून काढलेल्या छायाचित्रात मुळाचे टोकही दिसत नाही आणि आवरणाचे पंखही दिसत नाहीत. अशा छायाचित्रावरून जाती सांगणारे यंत्र आणि चिठ्ठी वाचून जाती सांगणारा परीक्षक यांच्यात मी तरी फरक करत नाही. आपल्याला खरोखर खात्री करायची असेल तर जवळच्या महाविद्यालयात ताजी रोपे घेऊन जावे आणि सूक्ष्मदर्शकाखाली मूळ दाखवण्याची विनंती करावी. कोणी न पाहताच ‘मायनर’ म्हणाले, तर टोक बोथट आहे का एवढेच नम्रपणे विचारावे. रोपे साठवायची असल्यास सत्तर टक्के अल्कोहोलमध्ये ठेवावीत. कागदात दाबून वाळवलेल्या डकवीडमध्ये ही लक्षणे नीट टिकत नाहीत.

काही गोष्टी मी मुद्दाम मागे ठेवल्या. हिमालयासारख्या थंड भागात लेम्ना मायनर असू शकते, त्यामुळे माझे विधान संपूर्ण भारताला लागू करू नये. खालून फुगीर दिसणारी लेम्ना गिबा कमी पोषणाच्या पाण्यात सपाट राहते आणि तज्ज्ञांनाही फसवते. एक्विनॉक्शिअलिस आणि तिच्याशी फार जुळणारी पर्पुसिला यांच्यातील भेद बियांवरील कंगोऱ्यांवरून ठरवतात, पहिलीत ते कमी आणि ठळक, दुसरीत पुष्कळ आणि अस्पष्ट. त्यासाठी फळ धरलेली रोपे मिळावी लागतात. लेम्ना जॅपोनिका तर मायनर आणि टुरिओनिफेरा या लेम्नाच्याच दोन जातींचा संकर असल्याचे डीएनएच्या अभ्यासातून दिसून आले आहे, म्हणजे काही ठिकाणी सूक्ष्मदर्शकही पुरत नाही. वोल्फियाच्या बाबतीतही आपल्याकडे सरसकट अऱ्हायझा लिहिण्याची सवय आहे, परंतु आशियात सामान्यतः आढळते ती अधिक बारीक ग्लोबोसा; थायलंडमध्ये ती भाजी म्हणून खाल्ली जाते.

कोंबड्यांसाठी जाती कोणती हे महत्त्वाचे नाही. तळ्यात गावाचे सांडपाणी येते की नाही, हे आपण लिहिलेले नाही. येत असेल तर हा थर मुळीच घालू नये, कारण डकवीड पाण्यातील जड धातू शोषून घेते. येत नसेल तर स्वच्छ पाण्याने धुऊन नेहमीच्या खाद्यासोबत थोडी थोडी द्यावी. प्रमाण मात्र पशुवैद्यकांना विचारूनच ठरवावे.