एम.लिब. झाल्यावर डेटा टॅक्सॉनॉमीत करिअर होऊ शकतं का?

तुम्ही लिहिलंय की एम.लिब. (ग्रंथालयशास्त्रातली पदव्युत्तर पदवी) होऊन दोन वर्षं झाली, ग्रंथपालाची भरती निघत नाही आणि एका मित्राने ‘डेटा टॅक्सॉनॉमी’, म्हणजे नोंदींचं वर्गीकरण करायचं काम, हे नाव सुचवलं. यात खरंच नोकऱ्या आहेत का, कोडिंग यावं लागतं का आणि एआय आल्यावर हे काम राहील का, असे तुमचे तीन प्रश्न आहेत.

नोकऱ्या आहेत. मी स्वतः एम.लिब. आहे आणि गेली चौदा वर्षं पुण्यात हेच काम करतेय. फक्त जाहिरातींत ‘टॅक्सॉनॉमिस्ट’ एवढंच शोधू नका, मोजक्याच सापडतील. हेच काम मास्टर डेटा अ‍ॅनालिस्ट, मटेरियल कॅटलॉगर, कॅटलॉग स्पेशालिस्ट, डेटा स्ट्यूअर्ड, मेटाडेटा स्पेशालिस्ट, नॉलेज मॅनेजमेंट, रेकॉर्ड्स मॅनेजमेंट अशा नावांनी निघतं. बँका, औषध कंपन्या, ऑनलाइन दुकानं, कारखाने, सगळीकडे ते लागतं. मी कारखान्यांच्या बाजूला आहे, म्हणून तिथलंच सांगते.

हे काम नेमकं काय असतं, ते एका बेअरिंगवरून सांगते.

माझ्या पहिल्या वर्षी चाकणच्या एका कारखान्याचा मटेरियल मास्टर साफ करायचं काम आमच्याकडे आलं होतं. मटेरियल मास्टर म्हणजे कारखाना जे जे विकत घेतो त्या प्रत्येक वस्तूची नोंद. ग्रंथालयातल्या आपल्या दाखल नोंदवहीचीच बहीण म्हणा. सॅप या कारखान्यांच्या व्यवहारांच्या सॉफ्टवेअरमध्ये वस्तूच्या वर्णनाला ४० अक्षरं मिळतात, त्यामुळे प्रत्येक जण आपापल्या पद्धतीने शब्द तोडतो. एकाच ६२०५ नंबरच्या बेअरिंगच्या मला अकरा नोंदी सापडल्या. कोणी ‘बेअरिंग ६२०५’ लिहिलं होतं, कोणी ‘बीआरजी बॉल ६२०५ झेडझेड’, कोणी ‘६२०५ टूआरएस’, कोणी नुसतं ‘२५×५२×१५’. हे शेवटचं त्याच बेअरिंगचं माप आहे: आतला व्यास २५ मिलिमीटर, बाहेरचा ५२, रुंदी १५. ६२०५ मधल्या शेवटच्या ०५ ला पाचाने गुणलं की आतला व्यास मिळतो, हे मला तेव्हा नुकतंच कळलं होतं आणि त्याचा फार आनंद झाला होता. माप एक, नंबर एक, म्हणजे वस्तू एक. मी अकरा नोंदींची एक नोंद केली. खरेदी विभाग खूश झाला, कारण अकरा ठिकाणी अडकलेला साठा एका जागी दिसायला लागला.

तीन महिन्यांनी तिथल्या स्टोअरमधल्या काकांचा फोन आला. मी गेले. त्यांनी काही न बोलता टेबलावर दोन बेअरिंग ठेवले.

“मॅडम, हात लावून बघा. ह्याला पत्रा आहे, ह्याला रबर. वॉशिंगच्या कन्व्हेयरला रबराचंच लागतं, पत्र्याच्या कडेने पाणी आत जातं. तुम्ही दोघांचा नंबर एक केलात. आता खरेदीवाले जे स्वस्त पडेल ते मागवतात.”

झेडझेड म्हणजे दोन्ही बाजूंना पत्र्याचं झाकण, टूआरएस म्हणजे दोन्ही बाजूंना रबरी सील. तिसरंही एक प्रकरण होतं, सी३. त्यात आतली मोकळीक जास्त असते, बेअरिंग गरम होणाऱ्या जागी ते लागतं. म्हणजे ज्या अक्षरांना मी लिहिणाऱ्याची लहर समजून पुसून टाकलं होतं, त्यांतच वस्तूची ओळख होती. त्या कन्व्हेयरचे रोलर एका आठवड्यात दोनदा अडकले होते आणि रात्रपाळीची माणसं हाताने माल ओढत होती. ते ऐकून मला रडू आलं होतं. त्यानंतरचे चार दिवस मी स्टोअरमध्येच बसले आणि काकांसोबत रॅकवरचा एकेक खोका उघडून नोंदी परत वेगळ्या केल्या. अकराच्या शेवटी चार झाल्या. एक नाही आणि अकराही नाहीत, चार. हा ‘चार’चा आकडा नेमका काढणं म्हणजे माझी नोकरी.

आता तुमच्या शिक्षणाकडे येते. तुम्हाला वाटतंय तितकं ते वाया गेलेलं नाही. एस. आर. रंगनाथन मद्रासला गणित शिकवायचे, १९२४ मध्ये विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि १९३३ मध्ये त्यांची द्विबिंदू वर्गीकरण पद्धत आली. ड्यूईच्या १८७६ च्या पद्धतीत सगळं ज्ञान आधीच दहा खणांत वाटलेलं असतं. रंगनाथनांनी विषयाचे पैलू सुटे केले आणि हवे तसे जोडायची सोय केली. व्यक्तित्व, द्रव्य, ऊर्जा, अवकाश, काल हे पाच पैलू परीक्षेसाठी तुम्ही पाठ केले असतील. आज कुठल्याही ऑनलाइन दुकानात डाव्या बाजूला रंग, कापड, माप, किंमत असे जे गाळणीचे रकाने दिसतात, ते पैलूच आहेत. आम्ही बेअरिंगला प्रकार, आतला व्यास, बाहेरचा व्यास, रुंदी, झाकण, मोकळीक असे रकाने पाडतो, तेही तेच. माझ्यासोबतच्या इंजिनीअर मुलांना हे पटवायला वेळ लागतो. आपल्याला ते आधीपासून येत असतं, फक्त ते येतं हे आपल्याला कोणी सांगितलेलं नसतं.

एक गोष्ट मात्र वर्गात नीट शिकवली जात नाही: एकाच वस्तूची दोन वर्गीकरणं शेजारी शेजारी चालतात आणि दोन्ही बरोबर असतात. जीएसटीसाठी एचएसएन नावाचा वस्तूचा क्रमांक लागतो. तो जागतिक सीमाशुल्क संघटनेच्या पद्धतीवर उभा आहे, पहिले सहा अंक जगभर सारखे. ८४८२ म्हणजे बेअरिंग, ८४८२१० म्हणजे बॉल बेअरिंग. खरेदीचा खर्च कुठे जातो हे बघायचं असेल तर यूएनएसपीएससी नावाची आठ अंकी पद्धत वापरतात, दोन-दोन अंकांच्या चार पायऱ्यांची. तिथे बॉल बेअरिंग ३११७१५०४ वर येतं. कराच्या माणसाला पत्रा की रबर याच्याशी देणंघेणं नाही, खर्च बघणाऱ्यालाही नाही. मेन्टेनन्सच्या माणसाला फक्त त्याच्याशीच आहे. म्हणून कोणीही ‘या यादीचं वर्गीकरण करून द्या’ म्हणालं की मी आधी विचारते, ही यादी सकाळी कोण उघडणार आहे?

ऑनलाइन दुकानांच्या बाजूला जायचं असेल तर भाषेची समज फार उपयोगी पडते, आणि मराठी माणसाला तिथे खरंच जागा आहे. ‘घेवडा’ घ्या. पुण्यात ‘श्रावणघेवडा’ म्हटलं की हिरव्या शेंगांची भाजी, कोणी तिलाच फरसबी म्हणतं. साताऱ्याकडे ‘वाघ्या घेवडा’ म्हणजे उसळीचे वाळलेले दाणे. वनस्पती एकच, राजम्याचीही तीच. मग मोबाइलवर कोणी नुसतं ‘घेवडा’ शोधलं तर भाजी दाखवायची की कडधान्य? मुख्य नाव कोणतं, पर्यायी नावं कोणती, कोणतं कोणाच्या पोटात येतं आणि कोणतं नुसतं नात्यातलं आहे, हे लिहून ठेवण्याचा स्केओएस नावाचा नमुना डब्ल्यू३सी या वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेने २००९ मध्ये ठरवून दिलाय. थिसॉरस, म्हणजे संबंधित शब्दांचा कोश, शिकला असाल तर एका संध्याकाळी समजेल.

कोडिंगबद्दल. पहिल्या नोकरीला लागत नाही, एक्सेल मात्र पक्कं हवं. व्हीलुकअप, पिव्होट, मजकूर तोडणं-जोडणं हे डोळे मिटून यायला हवं. वर्षभरात एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा, शिका, त्याशिवाय पुढे अडतं. ओपनरिफाइन हे मोफत साधन आजच उतरवून घ्या. जवळजवळ सारखी नावं ते गठ्ठ्याने समोर आणून ठेवतं. (गठ्ठा समोर आला की ‘सगळे एकत्र करा’ बटण दाबायचा मोह होतो. माझं बेअरिंग आठवा.) पायथन आलं तर चांगलंच, पण त्याच्या भीतीने थांबू नका.

एआयबद्दल खरं सांगते. नुसत्या ओळी उचलून खणात टाकायचं काम आता मशीन करतं आणि बरंच चांगलं करतं. दिवसाला इतक्या ओळी असं मोजून पैसे देणाऱ्या नोकऱ्या म्हणूनच कमी होतायत, त्यांच्या भरवशावर राहू नका. पण गेल्या वर्षी आमच्या मशीनने ‘कॉटन वेस्ट’ उचलून भंगारात टाकलं. वर्कशॉपमध्ये वावरलेल्या कोणालाही माहीत असतं की कॉटन वेस्ट म्हणजे तेलकट हात आणि मशीन पुसायला विकत आणलेला सुताचा गुंता. ती रोज लागणारी वस्तू भंगारात गेली असती तर तिची पुढची ऑर्डरच निघाली नसती. अशा जागा ओळखणं, नियम लिहिणं आणि खरेदी, स्टोअर, मेन्टेनन्स या तिघांना एका नावावर आणणं हे काम माणसाकडेच आहे, आणि ते वाढलंय, कारण आता त्याच यादीवर मशीनही चालतं.

पगार सुरुवातीला सॉफ्टवेअरवाल्या मित्रांपेक्षा कमी असेल. पहिली दोन-तीन वर्षं कंटाळवाणीही जातात. एखादं क्षेत्र, म्हणजे औषधं, विमा, यंत्रांचे सुटे भाग, आतून कळायला लागलं की फरक पडतो. म्हणून दर वर्षी क्षेत्र बदलू नका.

आता उद्यापासून काय करायचं. प्रमाणपत्राच्या कोर्सवर आधी पैसे घालू नका. तुमच्या गावातल्या ओळखीच्या हार्डवेअरच्या दुकानात जा, मालकांची परवानगी घ्या आणि तीनशे वस्तूंची यादी करा. ते म्हणतात तीच नावं लिहा. पहिल्या तासातच ‘सूत’ येईल. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, चार सूत म्हणजे अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर. पण बांधकामाची १२ मिलिमीटरची सळईही ‘चार सुती’ म्हणूनच विकली जाते, आणि तिथे ते चालून जातं. बोल्टला मात्र चालत नाही. अर्ध्या इंची बोल्टला एम१२ चा, म्हणजे १२ मिलिमीटरचा, नट बसणार नाही, आटे वेगळे असतात. मग तुमच्या यादीत ‘चार सूत’ हे माप कसं लिहायचं? सळईला एक नियम आणि बोल्टला दुसरा, असं का, ते दोन ओळींत लिहून ठेवा. असे वीस-पंचवीस नियम जमले की तो कागद आणि ती यादी तुमच्या अर्जाला जोडा.

मुलाखतीत मी उमेदवाराला वीस ओळींची छापील यादी देते आणि अर्धा तास देते. बहुतेक जण वीसच्या वीस ओळी भरून देतात. मागच्या वेळी मी जिला घेतलं, तिने सतराच भरल्या होत्या. उरलेल्या तिनांपुढे पेन्सिलने लिहिलं होतं, ‘स्टोअरला विचारावं लागेल’.