यूव्ही बॉक्स: आधी दिवा ठरवा, मग काच

तुम्ही विचारलंय की, सांगलीत मिळेल त्या सामानातून पीसीबीसाठी (सर्किटच्या तांब्याच्या बोर्डासाठी) यूव्ही बॉक्स, म्हणजे अतिनील प्रकाश देणारी पेटी करायचीय, तर वर काच टाकू की अॅक्रिलिक, आणि पेटी प्लायची की पत्र्याची? आधी दिवा ठरवा. बोर्डाच्या तांब्यावर चिकटवायची निळी ड्राय फिल्म साधारण ३५० ते ४०५ नॅनोमीटरच्या प्रकाशात पक्की होते, आणि तुमचा दिवा त्यात कुठे बसतो त्यावर बाकीचं ठरतं.

नेल पार्लरमधल्या ९ वॅटच्या यूव्हीए ट्यूब साधारण ३६५ च्या असतात. त्या घेतल्यात तर अॅक्रिलिक नको. दुकानाच्या पाट्या बनवणाऱ्यांकडच्या बऱ्याच अॅक्रिलिकमध्ये यूव्ही शोषणारा घटक असतो, आणि पॉलिकार्बोनेट तर ३८० च्या खालचं जवळजवळ सगळंच अडवतं. साधी ४ मिमीची खिडकीची काच मात्र ३६५ चा बहुतेक प्रकाश सोडते. ३९५ ते ४०५ च्या एलईडी वापरल्या तर अॅक्रिलिक चालू शकतं, पण मी तरीही काचच घेईन. तिच्यावर ओरखडे लवकर पडत नाहीत आणि वजनाने मास्क (सर्किटचा नकाशा छापलेली पारदर्शक शीट) बोर्डाला सपाट चिकटून राहतो. मास्कची टोनरची बाजू तांब्याकडेच हवी, नाहीतर कडेने प्रकाश शिरून बारीक ट्रॅक (तांब्याच्या रेषा) फुगतात किंवा एकमेकांना चिकटतात.

शंका असेल तर फिल्मच्या तुकड्यावर अर्ध्या भागात काच ठेवून दिवा लावा. प्रकाश लागलेली फिल्म गडद होते. दोन्ही भागांचा रंग सारखाच गडद झाला तर ती काच घ्या.

पेटी १२ मिमी प्लायची करा. एमडीएफ आपल्याकडच्या पावसाळ्यात फुगतं, आणि पत्र्याला अर्थिंग करावंच लागतं. आतून पांढरा पेंट मारायचा मोह होईल, पण त्यातलं टायटॅनियम डायऑक्साइड नेमकं ३६५ च्या आसपासचं यूव्ही शोषून घेतं. ट्यूबच्या मागे स्वयंपाकघरातली अॅल्युमिनियम फॉइल लावा, ती यूव्ही चांगलं परावर्तित करते. एलईडी असतील तर त्यांचे प्रकाशाचे ठिपके एकमेकांत मिसळेपर्यंत बोर्ड दूर ठेवा.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. पाण्याच्या प्युरिफायरमधली यूव्ही ट्यूब स्वस्तात मिळते, ती कधीही लावू नका. ती २५४ नॅनोमीटरची असते. साध्या काचेतून तो प्रकाश जातच नाही, आणि उघडी ट्यूब डोळ्यांना आणि कातडीला भाजते. तुमच्या यूव्हीए ट्यूबकडेही टक लावून पाहू नका, आणि झाकणाला मायक्रोस्विच लावा, म्हणजे झाकण उघडताच दिवा बंद होईल.

खोलीत पिवळा बल्ब लावून काम करा. पहिल्या बोर्डावर पुठ्ठा दर ३० सेकंदांनी थोडा थोडा सरकवत नेऊन पायऱ्यांची चाचणी घ्या. धुण्याच्या सोड्याच्या साधारण १ टक्का द्रावणात डेव्हलप केल्यावर, म्हणजे प्रकाश न लागलेली फिल्म धुऊन काढल्यावर, जिथे ट्रॅक पूर्ण टिकलेत आणि मधली फिल्म स्वच्छ धुतली गेलीय, ती वेळ पेटीवर लिहून ठेवा. ट्यूब जुन्या झाल्या की ती वाढवावी लागेल.