कुंडीतला ख्रिसमस ट्री अंगणात लावायचाय?

प्रश्न : कुंडीतला ख्रिसमस ट्री सहा फूट झाला आहे. यंदा अंगणात लावायचा विचार आहे. जमीन काळी, भारी. खालच्या फांद्या वाळत आहेत. शेंडा छाटला तर झाड आटोक्यात राहील का? (एक शेतकरी, वाई तालुका)

उत्तर : शेंड्याला कात्री लावूच नका. आपल्या रोपवाटिकांत ख्रिसमस ट्री म्हणून मिळतो तो बहुधा अरौकेरिया, प्रशांत महासागरातल्या बेटांवरचा. त्याचा एकच शेंडा सरळ वर जातो आणि भोवती फांद्यांचे मजले चढतात. शेंडा मोडला की दोन-तीन फुटवे एकदम निघतात आणि झाडाचा घाट कायमचा बिघडतो. बाजूच्या फांदीचं कलम केलं तर तेही आडवंच वाढतं. म्हणून नवं रोप घ्याल तेव्हा बियांपासून केलेलंच घ्या.

म्हणजे उंची नंतर आवरता येणार नाही, जागाच आधी नीट निवडायची. बंगळूरच्या लालबागेतली जुनी झाडं घरांच्या कितीतरी वर गेली आहेत. घराची भिंत, विहीर यांपासून निदान 25 फूट अंतर ठेवा, वर विजेच्या तारा नकोत.

तुमच्या जमिनीत खरा धोका साचलेल्या पाण्याचा. काळ्या मातीत खड्डा खणून मुरूम-वाळूने भरला, की पावसाळ्यात आजूबाजूचं पाणी त्यातच उतरतं आणि मुळं कुजतात. त्यापेक्षा दीड फूट उंच, पाच-सहा फूट रुंद मातीचा उंचवटा करा, त्यात चांगलं कुजलेलं शेणखत मिसळा आणि रोप त्यावर लावा.

जुलैत, पाऊस जरा उघडल्यावर लावा. कुंडीतून काढल्यावर मातीचा गोळा नीट बघा. तळाशी मुळं गोल गोल गुंडाळलेली असतील, तर तेवढीच धारदार चाकूने कापा, बाकी गोळा फोडू नका. गुंडाळलेली मुळं तशीच राहिली तर झाडाला पकड येत नाही आणि मोठं झाल्यावर ते वाऱ्याने कलंडतं. कुंडीत जितकं खोल होतं तितकंच खोल लावा.

खालच्या वाळलेल्या फांद्यांना पुन्हा पालवी येत नाही. पूर्ण तपकिरी झालेल्या तेवढ्या खोडाजवळून काढा. कुंडीचं छिद्र बुजलंय का, तेही पाहा. पहिल्या उन्हाळ्यात बुंध्यापासून थोडं लांब पालापाचोळा अंथरा, आणि वरची माती वाळली की पाणी द्या.

जागा अपुरी असेल तर मोरपंखी लावा, ती छाटणी सोसते.