"पूर्वीसारखा विश्वास राहिला नाही हो"

सत्तरी ओलांडलेली माणसं हे वाक्य नेहमी आवाज खाली आणून बोलतात. चोरी कबूल केल्यासारखं.

चौऱ्याहत्तर वर्षांच्या एक आजी (ओळखीचे तपशील बदलले आहेत) तीन महिने माझ्याकडे समुपदेशनासाठी येत होत्या. यजमान गेलेले, गुडघे साथ देईनात, आणि प्रार्थनेला बसलं की नुसती भीती दाटून यायची. "देवानं टाकलं बहुतेक मला. तरुणपणी कशी निर्धास्त होते मी!"

आठवणीतल्या तरुणपणावर मी सहसा भरवसा ठेवत नाही. विचारलं, "तेव्हाचं काही लिहिलेलं आहे?"

पुढच्या खेपेस त्यांनी प्रार्थनेच्या वह्या आणल्या. शिवण उसवलेल्या, निळी शाई फिकटलेली. वय २३, नोकरीची वणवण: ‘मला टाकू नकोस.’ ३९, मुलाचं आजारपण: ‘टाकू नकोस.’ ५८, निवृत्ती. पुन्हा तेच.

आजी बराच वेळ त्या ओळीवर बोट ठेवून बसल्या. मग म्हणाल्या, "अगंबाई, मी तेव्हाही घाबरटच होते की!" आणि चक्क हसल्या. वह्या मागायचं सुचलं म्हणून मीही मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली.

मी मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सनला मानणारी. त्यानं आयुष्याचे ८ टप्पे मांडले; पहिल्याच टप्प्यावर, तान्हेपणी, प्रश्न असतो तो विश्वासाचा. माझा अनुभव असा, की तो प्रश्न एकदा सुटून संपत नाही. तरुणपणी आपण विचारतो, माझं काम होईल ना? मध्यम वयात, माझी माणसं सुखरूप राहतील ना? म्हातारपणी मात्र, कुणाच्या उपयोगाची उरले नाही तरी तू मला धरशील ना? हा सगळ्यांत अवघड, कारण बदल्यात द्यायला हातात काही नसतं. बायबलमधल्या ७१ व्या स्तोत्राचा कर्ता तरुणपणापासून देवावर भिस्त ठेवल्याचं सांगतो आणि शक्ती सरल्यावर सोडू नको, अशी विनवणीही करतो. विश्वास आणि धास्ती, दोन्ही एकाच तोंडी.

म्हणून घरच्यांनी "एवढी भक्ती केलीस, मग घाबरतेस कशाला?" असं म्हणू नये. मात्र उदासी, झोप-भूक उडणं, कशातच मन न लागणं दोन आठवड्यांहून जास्त टिकलं तर डॉक्टरांना दाखवा. नैराश्य हा आजार आहे, श्रद्धेची परीक्षा नव्हे.

शेवटच्या भेटीत आजींनी नवी वही पुढे केली. अक्षर थरथरतं, ओळ तिरपी. वय ७४. ‘टाकू नकोस.’ खाली बारीक अक्षरात: ‘आधीही विचारलं होतं.’