सर्वांत मजबूत ॲल्युमिनियम पिस्टनला का चालत नाही?

प्रश्न : टर्बो बसवलेलं रेसिंग इंजिन बांधतो आहे. ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूंच्या ताकदीच्या तक्त्यात ७०७५ क्रमांकाचं सर्वांत मजबूत दिसतं. मग पिस्टन त्याचेच का करू नयेत? नाहीतर २६१८ क्रमांकाचं घ्यावं की ४०३२?

उत्तर : हा तक्ता मीही वर्षानुवर्षं भिंतीवर लावला होता. त्यातले आकडे खोलीच्या तापमानाचे असतात. ७०७५ ला ताकद येते ती साधारण १२० अंश सेल्सिअसला चोवीस तास भट्टीत ठेवल्यावर, जस्त-मॅग्नेशियमचे अतिसूक्ष्म कण तयार होतात म्हणून. पिस्टनचा माथा शर्यतीत सहज २५० अंशांवर जातो. तिथे हेच कण जाडे होतात आणि धातू मऊ पडतो. ७०७५ पुली-ब्रॅकेटसाठी ठेवा.

टर्बोला मी २६१८ घेईन. त्यात तांबं, मॅग्नेशियम आणि एकेक टक्का लोह व निकेल असतं. लोह-निकेलचे कण उष्णतेत टिकून राहतात. कॉन्कॉर्ड विमानाचं कवच याच घराण्यातल्या धातूचं होतं, तेही उष्णतेपायीच. ४०३२ मध्ये सुमारे १२ टक्के सिलिकॉन असतं. त्यामुळे ते तापल्यावर कमी फुगतं, कमी झिजतं, पण नॉकिंगचे (इंधन अवेळी भडकून बसणारे) घाव बसले की तडकतं. २६१८ आधी वाकतं.

मात्र २६१८ जास्त फुगतं आणि इथे मी स्वतः फसलो आहे. बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ८६ मिलीमीटरचा, पिस्टन नवे २६१८ चे, आणि क्लिअरन्स (पिस्टन आणि सिलिंडरमधली फट) मी सवयीने जुन्या ४०३२ चाच ठेवला. शंभर अंश तापलं की ८६ मिलीमीटरवर दोन्हींत जेमतेम ०.०२५ मिलीमीटरचा फरक पडतो. तेवढ्याने घात केला. इंजिन उघडलं तेव्हा स्कर्टवर (पिस्टनच्या खालच्या बाजूच्या भिंतीवर) उभे ओरखडे होते आणि लायनरला (सिलिंडरच्या आतल्या अस्तराला) ॲल्युमिनियम चिकटलेलं होतं. बोटाने चाचपलं, खरखरीत लागलं. अजून आठवतं.

तेव्हा क्लिअरन्स पिस्टन बनवणाऱ्याने सांगितलेलाच ठेवा. थंड इंजिनात स्कर्टची टकटक येईल, तिला घाबरू नका. ऑइल तापेपर्यंत रेस देऊ नका, एवढंच. आणि हंगामाअखेर माथ्याचं काठिण्य मोजा. २६१८ ची भट्टीही २०० अंशांच्या आसपासचीच, त्यामुळे तेही हळूहळू मऊ होतं. आकडा नव्या पिस्टनपेक्षा बराच उतरला असेल, तर पिस्टन वरून कितीही चकचकीत दिसला तरी बदला.