खाली उभा राहणारा

चिरंजीवास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा लांबलचक मेसेज मिळाला. मोबाईलवर उत्तर लिहायला घेतलं, पण माझा अंगठा काही तुमच्यासारखा चालत नाही, म्हणून हे पत्र.

पुण्याच्या कोचनी तुला रोलर स्केटिंगच्या पेअरच्या, म्हणजे मुलगा-मुलगी जोडीच्या, ट्रायलला बोलावलंय. एकट्याचं सिंगल सोडून जावं का, असं विचारतोस. आणि शेवटी हळूच लिहिलंयस, की सिंगलमध्ये आता फार पुढे जाईन असं वाटत नाही, पेअरला मुलं कमी असतात. खरं आहे. मुलं कमी म्हणूनच अशी बोलावणी येतात. बर्फावरच्या पेअरमध्येही तेच रडगाणं आहे. पण ज्याला पेअर ही सिंगलची आडवाट वाटते, त्याच्या हातात मी कुणाची लेक देणार नाही. तुला लहानपणापासून ओळखतो, म्हणून स्पष्ट लिहितोय. राग मानू नकोस.

पेअरमधल्या मुलाकडे कुणी बघत नाही, हे आधी पचव. लिफ्ट, म्हणजे मुलीला डोक्यावर उचलणं, सुरू झाली की सगळ्या नजरा वर. मुलगी हात पसरते, हसते, टाळ्या घेते. तुझे पाय वळताना अडखळले तरच पंचांची नजर खाली येते. आपल्या सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजाची उंच काठी पेलणाऱ्याला तू दरवर्षी बघतोस. लोक हात जोडतात ते ध्वजाला. पेलणारा घामाने निथळत असतो, आणि त्याचं नाव फार तर शेजारच्या गल्लीला माहीत. लिफ्टची मेख पण तिथेच आहे. तो माणूस ध्वज दंडाने नाही पेलत, कमरेने आणि मांड्यांनी पेलतो. तू जिममध्ये दंड फुगवतोयस, ते दिसतंय मला फोटोंत. त्यापेक्षा बैठका मार. लिफ्ट गुडघ्यातून निघते, कमरेतून वर जाते, आणि हात सगळ्यात शेवटी सरळ होऊन कुलूप लागल्यासारखे घट्ट होतात. कोपर जरा जरी वाकलेलं राहिलं, तर दुसऱ्या गिरकीला दंड थरथरायला लागतो, आणि ते वर बसलेल्या मुलीला तुझ्या आधी कळतं.

पकड नीट शिकून घे. हातात हात देऊन उचलताना नवीन मुलं बोटांनी आवळतात. भार यायला हवा तळहाताच्या मनगटाकडच्या जाड भागावर, मनगट मागे न मोडता. बोटं फक्त सोबतीला. आपल्याकडे मार्चपासूनच हाताला पाणी सुटतं, तेव्हा प्रत्येक लिफ्टच्या आधी दोघांनी हात कोरडे करायचे. म्युझिक चालू असताना जमत नाही, म्हणून ड्रेस शिवायला टाकतानाच मांडीच्या बाजूला घाम टिपेल असं कापड लावून घ्यायला सांग. टिकल्या-मोती हाताच्या वाटेत नकोत; घामेजल्या तळव्याखाली एक मोती आला तरी पकड सुटते. शिंपी कुरकुर करेल, करू दे.

सुरुवातीचे महिने स्केट्स न घालता. गादीवर, साध्या बुटांत, बाजूला दोन माणसं उभी करून. कोच घाई करायला लागले तर तू नाही म्हणायचं. उचलणारा तू आहेस, म्हणून पहिला नकार द्यायचा हक्कही तुझा, आणि तेवढाच तिचा. तिने 'आज नको' म्हटलं की विषय संपला, कारण विचारत बसायचं नाही. कुठे हात येणार, कसा येणार, हे आधी बोलून ठरवायचं, तिची आई समोर असताना. तिच्या वजनावर एक अक्षर काढायचं नाही. गमतीतसुद्धा नाही. 'आज जड लागतेयस' या एका वाक्याने मुली जेवण सोडतात, आणि उपाशी मुलगी हवेत अंग घट्ट धरू शकत नाही. जड लागली तर आपले गुडघे कमी वाकले असं समजायचं.

आता पडण्याबद्दल. हे तू विचारलं नाहीस, पण झोप त्याचीच उडालीय, हे मला कळतं.

ऑक्टोबर 2004. अमेरिकेत पिट्सबर्गला स्पर्धा चालू होती. रशियाचा मक्सिम मारिनिन तात्याना तोतम्यानिनाला डोक्यावर घेऊन जात असताना त्याचा तोल गेला आणि ती वरून थेट बर्फावर डोक्यावर आपटली. स्ट्रेचरवरून न्यावी लागली. डोक्याला जबर मार होता, पण नशिबाने ती लवकर सावरली. सावरायला वेळ लागला तो त्याला. तिला पुन्हा उचलायचं म्हटलं की त्याच्या पोटात गोळा यायचा. त्यासाठी त्याने मानसशास्त्रज्ञाची मदत घेतली. ती मात्र परत त्याच्याच हातांवर चढायला तयार होती. मार्च 2005 मध्ये मॉस्कोत दोघं जगज्जेते झाले आणि 2006 ला तुरिनमध्ये ऑलिंपिकचं सुवर्ण घेतलं. आपल्यात मुलाने भीती बोलून दाखवली की 'बायल्या' म्हणणारे पैशाला पासरी मिळतात. तू बोलायचं. कोचशी बोल, माझ्याशी बोल, तिच्याशी तर बोलच. भीती लपवून उचलणारा मुलगा सगळ्यात धोक्याचा.

दुसरं नाव ब्रुनो मासोचं. फ्रान्सचा मुलगा, जर्मनीच्या अल्योना साव्हचेंकोबरोबर जोडी जमवली. तिच्याकडे आधीच्या जोडीदाराबरोबरची पाच विश्वविजेतेपदं, ह्याच्याकडे त्यातलं काही नाही. फ्रान्सच्या संघटनेने सोडेपर्यंत थांबणं आलं, मग नागरिकत्वासाठी जर्मन भाषेची परीक्षा, कारण ऑलिंपिकला दोघं एकाच देशाचे नागरिक लागतात. 2018 ला प्याँगचांगमध्ये शॉर्ट प्रोग्रामला, म्हणजे पहिल्या छोट्या फेरीत, ह्याचीच ट्रिपल उडी डबल झाली आणि जोडी चौथ्या नंबरवर घसरली. दुसऱ्या दिवशी फ्री स्केटिंगला 159.31 गुण, त्या वेळचा जागतिक उच्चांक, आणि सुवर्ण. चीनच्या जोडीपेक्षा एकूण 0.43 ने पुढे. साव्हचेंको तेव्हा 34 वर्षांची होती, तिचं ते पाचवं ऑलिंपिक. चूक एकाची असली तरी गुण दोघांचे जातात, आणि दुसऱ्या दिवशी परत तोच हात धरायचा असतो. ट्रायलला ती मुलगी चुकली की तुझं तोंड कसं होतं, हे मी त्या कोचच्या जागी असतो तर तुझ्या उड्यांआधी बघितलं असतं.

पण ही सगळी बर्फावरची माणसं, आणि आपण चाकांवरचे. करिअर म्हणतोस म्हणून हिशोबही सांगतो. 2010 ला ग्वांगझूच्या एशियाडमध्ये अनुप कुमार यामा आणि अवनी पंचाल या जोडीने रोलरच्या पेअरमध्ये भारताला ब्राँझ मिळवून दिलं. अनुपने तिथेच सिंगलमध्येही ब्राँझ घेतलं, पुढे 2015 चा अर्जुन पुरस्कारही त्याला मिळाला. म्हणजे सिंगल सोडलंच पाहिजे असं नाही, हे तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर. पण त्यानंतरच्या 2014, 2018 आणि 2022 च्या एशियाडमध्ये आर्टिस्टिक, म्हणजे आपला उड्या-गिरक्यांचा प्रकार, नव्हतं. त्यातल्या शेवटच्या, हांगझोउच्या एशियाडमध्ये रोलरमध्ये आपली ब्राँझ आली ती स्पीडच्या रिलेत. ऑलिंपिकमध्ये तर चाकांवरचं आर्टिस्टिक कधीच नव्हतं. बर्फाकडे वळायचं तर डेहराडूनचा रिंक आहे, गुरुग्रामला मॉलमधला आहे, सिमल्याला थंडीत उघड्यावरचा. सोलापुरातून यातलं काहीच जवळ नाही. सरकारी नोकरीतल्या 5 टक्के क्रीडा आरक्षणाच्या भरवशावर घरच्यांना गप्प करायचं ठरवत असशील, तर आपला प्रकार आणि स्पर्धेची पातळी नियमात बसते का, ते क्रीडा कार्यालयात जाऊन आधी विचार. प्रमाणपत्र हातात आल्यावर पडताळणीत अडकलेली मुलं मी पाहिलीत. बी.कॉम. सोडू नकोस. वडिलांना यंत्रमागाच्या धंद्यात किती ओढाताण आहे, ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत.

तरी जा. का, ते सांगतो. तुझ्या उड्या बेताच्या आहेत, पण तुझं मागे सरकणं आणि एका कडेवर झुकून घेतलेलं वळण इतकं गुळगुळीत आहे की चाकांचा आवाज येत नाही. सिंगलमध्ये त्याला कुणी विचारत नाही. वर मुलगी असताना मात्र सगळा खेळ त्याच वळणावर चालतो. शिवाय मागच्या उन्हाळी शिबिरात ती छोटी पोरगी फरशीवर पडली, तेव्हा तू स्वतःचा प्रोग्राम अर्धवट टाकून तिच्याकडे धावलास. तुझ्या लक्षातही नसेल.

दोघांच्या घरच्यांनी बसून आधी पैशाचं बोला: कोचची फी, ड्रेस, म्युझिक, प्रवास, कुणाचं किती. जोडी मोडली तर काय, तेही बोला, आणि कागदावर लिहा. नंतर याच विषयावर दोन घरं एकमेकांची तोंडं बघत नाहीत.

येत्या रविवारी सकाळी ऊन चढायच्या आत मैदानावर ये. येताना तुझ्या मामाच्या तालमीतल्या दोन गाद्या आण, आणि मामालाही घेऊन ये. पन्नास किलोचं पोतं डोक्यावर धरून मागे चालताना तुझी पाठ कुठे वाकते, ते मला बघायचंय. ते जमलं तर पुढच्या आठवड्याचं पुण्याच्या हुतात्मा एक्सप्रेसचं तिकीट काढ. नाही जमलं तर पुण्याला फोन करून महिनाभराची मुदत माग. देतील. मुलं कमी आहेत, तूच लिहिलंयस.

तुझे,
सर