केल्टिक उत्सवात स्कॉटिश क्लॅनचा तंबू पहिल्यांदाच सांभाळायचा आहे. तयारी काय करावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लग्नानंतर तुम्ही नॉर्थ कॅरोलिनात राहता, सासरचं आडनाव ग्रँट आहे, आणि क्लॅनच्या, म्हणजे स्कॉटिश कुळाच्या, सोसायटीने एका केल्टिक उत्सवात दोन दिवस तंबू सांभाळायला तुम्हा दोघांना सांगितलं आहे. जागा १० फूट बाय १० फूट. काय न्यायचं, काय मांडायचं, लोकांशी काय बोलायचं, आणि मराठी बाईने तिथे बसणं विचित्र दिसेल का, हेही तुम्ही विचारलं आहे.

शेवटच्या शंकेपासून सुरुवात करते. अजिबात विचित्र दिसणार नाही. कूळ, भाऊबंद, रणघोष, देवक या गोष्टी आपल्याला कुणी समजावून सांगाव्या लागत नाहीत. प्रत्येक क्लॅनची एक वनस्पती ठरलेली असते. ग्रँटांची स्कॉट्स पाइन. लग्नात देवकासाठी आपण डहाळ्या आणतो, तशी इथे पाइनची छोटी डहाळी टोपीवरच्या बॅजमागे खोचतात. साडी नेसायची असेल तर खुशाल नेसा आणि त्यावर टार्टनचा, म्हणजे क्लॅनच्या चौकड्याच्या कापडाचा, सॅश (खांद्यावरून घ्यायचा पट्टा) घ्या. क्लॅनमधल्या बायका सॅश उजव्या खांद्यावर पिन लावून छातीवरून तिरका घेतात. आपला पदर डाव्या खांद्यावर असतो, त्यामुळे दोन्ही एकमेकांच्या आड येत नाहीत. डाव्या खांद्यावरचा सॅश मात्र चीफच्या, म्हणजे क्लॅनप्रमुखाच्या, पत्नीचा मान समजला जातो, तेवढं लक्षात ठेवा.

आता तंबू. क्लॅनचा तंबू म्हणजे दुकान नाही आणि प्रदर्शनही नाही, ती ओसरी आहे. रस्त्याने जाणारा माणूस "माझी आजी ग्रँट होती म्हणे" एवढंच म्हणत आत डोकावतो. त्याला दोन मिनिटं बसवून खरं उत्तर देता आलं पाहिजे. बाकी सगळी मांडामांड त्या दोन मिनिटांसाठी करायची.

सोसायटीकडून तीन गोष्टी आधी लेखी मागून घ्या: उत्सवाकडे झालेल्या नोंदणीची प्रत, दायित्व विम्याचं प्रमाणपत्र (आयोजक बहुधा प्रत्येक घटनेमागे १० लाख डॉलरचं मागतात आणि त्यावर स्वतःचं नाव घालून मागतात, ते मिळायला वेळ लागतो), आणि सोसायटीचं बॅनर नक्की कुणाकडे आहे त्याचा पत्ता. आयोजकांना विचारायचं ते असं: छत ते देणार की आपण आणायचं, दोऱ्यांची जागा १० फुटांत धरली आहे का, आणि गाडी मैदानाबाहेर किती वाजेपर्यंत काढायची. गाडी दूर लावावी लागते, म्हणून मोठ्या चाकांची ओढगाडी न्या. लहान चाकं ओल्या गवतात रुततात.

छत उडणं हा सगळ्यात मोठा धोका, आणि लोक तोच हलक्यात घेतात. छतावर आग न पकडणाऱ्या कापडाची खूण शिवलेली असावी, बहुतेक ठिकाणी 'सीपीएआय-८४' ही खूण तपासतात. प्रत्येक पायाला ४० पौंड, म्हणजे सुमारे १८ किलो वजन बांधायचं. ४ इंच व्यासाच्या ३ फुटी पीव्हीसी पाइपमध्ये काँक्रीट भरलं की साधारण तेवढं होतं. हे जमणार नसेल तर झाकणाच्या २० लिटरच्या बादल्या रिकाम्या न्या आणि तिथे पाणी भरा. बादली पायाशी नुसती ठेवून मात्र काही होत नाही. वारा छताला खालून वर उचलतो, म्हणून दोरी छताच्या कोपऱ्यातल्या सांध्याला बांधून सरळ खाली बादलीच्या कडीपर्यंत ताणली पाहिजे. बाजूच्या कनाती वाऱ्यात शिडासारख्या फुगतात, तेव्हा वारा वाढला की आधी त्या सोडा. पावसात छताला झोळ पडून पाणी साचतं. एका चौरस मीटरवर ५ सेंटिमीटर पाणी म्हणजे ५० किलो, आणि त्या भाराने सांगाड्याच्या पट्ट्या वाकतात. पाऊस दिसू लागला की मागचे दोन पाय एक खाच खाली घ्या, पाणी मागे ओघळून जाईल. मागे दुसऱ्याचा तंबू लागून असेल तर त्यांच्याशी बोलून घ्या.

टेबलं ६ फुटी, दोन पुरेत. एक टेबल समोर आडवं लावलं की तुम्ही आत आणि लोक बाहेर, म्हणजे काउंटर तयार होतो आणि लोक दुरूनच वाचून पुढे जातात. एक डाव्या बाजूला आणि एक मागे, असा काटकोन करा, म्हणजे समोरचं तोंड मोकळं राहतं. चार घडीच्या खुर्च्या, त्यांतल्या दोन पाहुण्यांसाठी. वयस्क माणूस बसला की बोलतो.

टेबलावर लोकरी टार्टन पसरू नका. दिवसभराच्या उन्हात त्याचा रंग उतरतो आणि भिजलं की वाळायला वेळ लागतो. पॉलिव्हिस्कोजचं, म्हणजे कृत्रिम धाग्याचं, कापड घ्या, स्वस्त पडतं आणि धुता येतं. लोकरीचा चांगला तुकडा हात लावून पाहण्यापुरता वेगळा ठेवा. कापडाच्या चार कोपऱ्यांना क्लिपा हव्यातच. कागद लॅमिनेट करून न्या.

सगळ्यात दर्शनी जागा द्यायची ती आडनावांच्या यादीला. अक्षर सहा फुटांवरून वाचता येईल एवढं मोठं. क्लॅनमध्ये फक्त ग्रँट येत नाहीत. ॲलन, गिलरॉय, मॅकगिलरॉय, प्रॅट, सूटी अशी नावंही ग्रँटांशी जोडलेली मानतात, त्यांना सेप्ट म्हणतात. यादी सोसायटीकडूनच घ्या, नेटवर सापडलेली छापू नका. एकच आडनाव दोन-तीन क्लॅनच्या यादीत असतं. तेव्हा "तुम्ही आमचेच" असं सांगण्यापेक्षा "हे आडनाव आमच्या यादीत आहे, पण तुमचे पूर्वज कोणत्या भागातले त्यावर ठरेल" असं सांगा. आपल्याकडे सगळे जाधव एका घरचे नसतात, तसंच.

म्हणून आडनावांच्या यादीशेजारी नकाशा. स्कॉटलंडचा मोठा नकाशा घ्या आणि त्यावर स्पे नदीचं खोरं, म्हणजे स्ट्रॅथस्पे, रंगवा. हा ग्रँटांचा मुलूख. त्याच्या दोन टोकांना क्रेगेलाखी नावाचे दोन कडे आहेत, एक एव्हिमोरजवळ, दुसरा खाली त्याच नावाच्या गावापाशी. संकट आलं की कड्यावर जाळ पेटवायचा आणि माणसं गोळा करायची अशी परंपरा सांगतात. म्हणून बॅजवर जळता डोंगर आहे, ब्रीद 'स्टँड फास्ट' आणि रणघोष 'स्टँड फास्ट, क्रेगेलाखी'. 'खी' आपल्या तोंडी सहज येतो, अमेरिकन लोकांना तो शिकवावा लागतो. लॉख नेस या तळ्याच्या काठचा अर्कहार्ट किल्लाही नकाशावर दाखवा. १५०९ साली राजाने तो ग्रँटांना दिला आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत तो त्यांच्याकडे होता. ज्यांना क्लॅन माहीत नाही त्यांनाही लॉख नेस माहीत असतं. त्या किल्ल्याचा एक मोठा फोटो लावलात तर माणसं आपणहून थांबतील.

हे प्रश्न हमखास येतील, उत्तरं पाठ असू द्या.

"राष्ट्राध्यक्ष युलिसिस ग्रँट तुमच्याच क्लॅनचे ना?" त्यांचे पूर्वज मॅथ्यू ग्रँट १६३० साली इंग्लंडहून मॅसॅच्युसेट्सला आले. स्कॉटलंडच्या क्लॅनशी नातं सिद्ध झालेलं नाही. लोक थोडे हिरमुसतात, तरी हेच सांगा.

"हे टार्टन तर कॅम्बेलांचं आहे!" ग्रँटांचं नेहमीचं टार्टन लाल, पण त्यांचं हंटिंग टार्टन म्हणून ब्लॅक वॉच या स्कॉटिश पलटणीची गडद निळी-हिरवी वीण वापरतात, आणि तीच वीण कॅम्बेल क्लॅनचे लोकही वापरतात. दोघंही बरोबर.

"मला एन्शंट टार्टन दाखवा, जुनं." एन्शंट, मॉडर्न, वेदर्ड ही रंगछटांची नावं आहेत, वयाची नाहीत. एन्शंट म्हणजे फिकट छटा, जुन्या वनस्पतिज रंगांची आठवण देणारी. इथे मी एक गोष्ट आवर्जून सांगेन. रिचर्ड वेट नावाच्या चित्रकाराने अठराव्या शतकाच्या सुरुवातीला ग्रँट घराण्यातल्या माणसांची चित्रं काढली. त्यांतली टार्टन एकमेकांशी जुळत नाहीत आणि आजच्या ग्रँट टार्टनशीही जुळत नाहीत. क्लॅनला ठरलेलं एकच टार्टन ही पद्धत पक्की झाली ती १८२२ साली राजा चौथा जॉर्ज एडिंबरोला आला त्या सुमारास. त्याआधी १७४६ ते १७८२ हायलँडच्या, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातल्या, पुरुषांना टार्टनचा पोशाख कायद्याने बंदच होता. हे सांगितल्याने टार्टनचं मोल कमी होत नाही. बंदीनंतर लोकांनी ते पुन्हा हौसेने अंगावर घेतलं, हे मला जास्त भिडतं.

"माझे पूर्वज शोधून द्या." तंबूत वंशावळ शोधत बसू नका, वाट दाखवा. 'स्कॉटलंड्स पीपल' या सरकारी संकेतस्थळावर १८५५ पासूनची जन्म-विवाह-मृत्यू नोंदणी, त्याआधीची चर्चची रजिस्टरं आणि १८४१ पासूनच्या जनगणना आहेत. पण तिथे जाण्याआधी समुद्र ओलांडून आलेल्या पहिल्या माणसाचं नाव, साल आणि जमलं तर पॅरिश (चर्चच्या हद्दीतला गावविभाग) अमेरिकेतल्याच कागदांतून काढावी लागते. नुसता "जॉन ग्रँट" घेऊन स्कॉटलंडच्या नोंदीत शिरलं तर शेकड्यांनी सापडतात. ही एवढी माहिती अर्ध्या पानावर छापून शंभर प्रती ठेवा.

कुणी मराठी माणूस आलाच तर त्याच्यासाठी तुमच्याकडे खास धागा आहे: साताऱ्याचा रेसिडेंट आणि मराठ्यांचा इतिहास लिहिणारा जेम्स ग्रँट डफ. जन्म १७८९, ईशान्य स्कॉटलंडमधलं बँफ. ग्रँट हे त्याचं वडिलांकडचं आडनाव, डफ आईच्या माहेरचं, ते तिकडची इस्टेट मिळाल्यावर जोडलं. नकाशावर बँफला एक टाचणी लावून ठेवा.

नावनोंदणीसाठी वही ठेवू नका, प्रत्येकाला वेगळी चिठ्ठी द्या. उघड्या वहीत आधीच्या सगळ्यांचे ईमेल दिसतात, आणि गर्दीत वहीमागे रांग लागते. चिठ्ठीवर नाव, ईमेल, पूर्वजांचं आडनाव, गाव. शिसपेन्सिली ठेवा, दमट कागदावर बॉलपेन उमटत नाही.

झेंड्यांच्या बाबतीत चूक झाली तर जाणकार लगेच टोकतात. निळ्यावर पांढऱ्या फुलीचा सॉल्टायर कुणीही लावावा. पिवळ्यावर लाल सिंहाचा झेंडा राजाचा आहे, तो विकत सहज मिळतो तरी तंबूवर लावू नका. तसंच लाल ढालीवर तीन सोनेरी मुकुट हे चीफचं वैयक्तिक चिन्ह आहे, क्लॅनचं नाही. सदस्यांनी वापरायचा तो बॅज: मधे जळता डोंगर, भोवती पट्टा-बक्कल, त्यावर ब्रीद. अमेरिकेत लॉर्ड लायनचा, म्हणजे स्कॉटलंडमधल्या कुलचिन्हांवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्याचा, कायदा चालत नाही, पण चांगल्या सोसायट्या तो पाळतात आणि मला तेच योग्य वाटतं. अमेरिकेचा झेंडाही लावणार असाल तर तो समोरून पाहणाऱ्याच्या डाव्या हाताला.

खाण्यात शॉर्टब्रेड, आपल्या नानकटाईच्या जवळचं. प्रमाण सोपं, साखर एक, लोणी दोन, मैदा तीन: १००, २०० आणि ३०० ग्रॅम. १६० अंश सेल्सिअसवर ३५ ते ४० मिनिटं, फिकट सोनेरी होईतो, आणि गरम असतानाच कापायचं, गार झाल्यावर कापलं तर तुटतं. पण घरचं वाटायला परवानगी आहे का ते आधी विचारा. कित्येक ठिकाणी आरोग्य खात्याचा नियम फक्त बंद पाकिटांनाच मुभा देतो. लोणी आणि गहू असल्याची पाटी लावा. व्हिस्की लोक मागतातच, पण मद्याचा परवाना आयोजकांचा असतो, तुमचा नाही. एक घोटही देऊ नका. विक्रीचंही तसंच, वस्तू विकण्याची जागा दुकानदारांची. सोसायटीचं सदस्यत्व घेता येतं.

तलवार किंवा डर्क (हायलँडचा खंजीर) मांडणार असाल तर मागच्या टेबलावर, म्यानातच, मूठ आणि म्यान प्लास्टिकच्या पट्ट्यांनी जखडून. मुलांचा हात तिकडे पहिला जातो. मुलांसाठी रबरी शिक्का ठेवा. अनेक उत्सवांत मुलं 'पासपोर्ट' घेऊन प्रत्येक तंबूचा शिक्का जमवत फिरतात, आणि त्यांच्या मागे आईवडील येतात.

दुपारच्या टार्टन-संचलनासाठी निवेदकाला दोन ओळींची चिठ्ठी सकाळीच द्या, उच्चारासकट. बॅनर काठीच्या आडव्या दांडीला टांगलेलं असतं आणि वाऱ्यात गिरकी घेतं. दांडीच्या दोन्ही टोकांना दोऱ्या बांधा आणि बाजूच्या दोघांच्या हातात द्या. मंचासमोर येताना रणघोष एकदाच, सगळ्यांनी मिळून. एका माणसाला तंबूत थांबवा. संचलन संपल्याबरोबर सगळ्यात जास्त लोक येतात, आणि तेव्हाच तंबू रिकामा दिसला तर ते पुढे जातात. दोन दिवसांसाठी चार माणसं धरा, दोघांवर भागत नाही.

रविवारी सकाळी बहुधा 'कर्किन ऑफ द टार्टन्स' ही प्रार्थना असते. ही प्रथा अमेरिकेतच, १९४० च्या दशकात वॉशिंग्टनमधले पाद्री पीटर मार्शल यांनी सुरू केली. टार्टनचा एक हातभर तुकडा घेऊन कुणीतरी उभं राहायचं, एवढंच.

रात्री बॅनर, टार्टन आणि चिठ्ठ्या गाडीत घेऊन जा, छताच्या कनाती काढून ठेवा. रविवारी आवरताना छत ओलं असेल तर घरी गेल्यावर त्याच रात्री किंवा दुसऱ्या दिवशी उघडून वाळवा, नाहीतर बुरशीचे काळे डाग पडतात आणि ते निघत नाहीत. आणि चिठ्ठ्यांवरच्या लोकांना आठवड्याच्या आत ईमेल करा. ज्याने गावाचं नाव लिहिलं असेल त्याला आधी.